उष्टं, कुत्रं आणि उलट उत्तर

दोस्तहो, आपल्यातली काही पोरं ख्रिस्ती भावांना बायबलातला एक उतारा दाखवून डिवचतात. म्हणतात, तुमच्या येशूनं परजातीच्या बाईला कुत्रं म्हटलं, हे बघा, छापलेलंच आहे. ख्रिस्ती पोरंही मग आपसात विचारतात, खरंच की, याचा अर्थ लावायचा कसा? डिवचणारा आणि विचारणारा दोघंही एकाच गावकुसाबाहेरचे. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

उतारा मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात आहे. येशू सोर-सिदोनच्या मुलखात जातो. तिथं एक कनानी बाई त्याच्यामागं ओरडत येते. लेक आजारी आहे, तिला भुतानं धरलंय, दया कर म्हणते. येशू गप्प राहतो. शिष्य म्हणतात, घालवा हिला. येशू सांगतो, मला फक्त इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडे पाठवलंय. बाई पाया पडते. तेव्हा तो म्हणतो, लेकरांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नाही. बाई तिथल्या तिथं उत्तर देते, खरं आहे, पण धन्याच्या मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्रीही खातात. येशू तिच्या विश्वासाला दाद देतो आणि लेक बरी होते.

हा उतारा आपल्या कानाला टोचतो याला कारण आहे. जन्मानं ब्राह्मण असलेले आणि 1843 साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी त्याच शतकात आपल्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथं आलेल्यांत मांग-महार पुष्कळ होते. दारोदार ‘भाकर वाढा माय’ म्हणत उष्टं गोळा करणं ज्यांच्या वाट्याला आलं होतं, त्यांना मेजाखालचा चुरा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पंडित लोक तीन उत्तरं देतात. पहिलं, येशू तिच्या विश्वासाची परीक्षा घेत होता. लेक तळमळत असताना आईची परीक्षा? आपली अशी परीक्षा गावच्या पाटलानंही पिढ्यान् पिढ्या घेतली. दुसरं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घरातलं लहान कुत्रं, पिल्लू. पण कुत्रं लहान असलं म्हणून त्याची जागा बदलत नाही, ते मेजाखालीच राहतं. तिसरं, आधी इस्राएल, मग बाकीचे, असा क्रम होता. हे त्यातल्या त्यात खरं. याच पुस्तकाच्या शेवटी येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे धाडतो. पण क्रमानं उशीर समजतो, अपमान समजत नाही. आणि भाकरीचा तुटवडा तर नव्हताच. चौदाव्या अध्यायात पाच हजार पुरुष, शिवाय बायका-पोरं, जेवून बारा टोपल्या उरल्या होत्या.

मला वाटतं, शब्द कडू आहे तो कडूच ठेवावा. त्याला साखर लावू नये. मग दुसरी गोष्ट दिसते. मत्तय म्हणतो, बाईच्या विश्वासामुळं काम झालं. मार्क हीच गोष्ट सातव्या अध्यायात सांगतो, तिथं येशू म्हणतो की तू जे बोललीस त्यामुळं. म्हणजे उलट उत्तरामुळं. ज्याला लोक देव मानतात त्याला एका परजातीच्या बाईनं बोलण्यात जिंकलं, आणि त्याच्याच माणसांनी ते लिहून ठेवलं, खोडलं नाही. शंबुकाची गोष्ट आठवा. रामानं त्याला जात विचारली, त्यानं खरं सांगितलं, आणि पुढचं तलवार बोलली. फरक इथं आहे.

पण ‘नम्र व्हा, चुऱ्यावर समाधान माना’ हा धडा कुणी यातून काढला तर तो आपण घ्यायचा नाही. बाईकडं दुसरं हत्यार नव्हतं, म्हणून तिनं त्याचाच शब्द उचलून त्याच्यावर फिरवला. आपल्याला मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि फेकलेलं उष्टं सोडायला सांगितलं. आपली मागणी चुऱ्याची नाही, पंगतीतल्या जागेची आहे.

आता डिवचणाऱ्यांना विचारतो. आपल्या घरात असा उतारा नाही काय? विनयपिटक उघडा. महाप्रजापती गौतमी संघात प्रवेश मागते. भगवान तिला तीनदा नाही म्हणतात. ती केस कापून, काषाय वस्त्र नेसून, सुजलेल्या पायांनी वैशालीपर्यंत चालत जाते. आनंद तिची बाजू घेऊन वाद घालतो, तेव्हा होकार मिळतो. तोही आठ अटींवर. शंभर वर्षं भिक्खुणी असलेल्या बाईनं आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचं, ही त्यातली एक. हे टोचत नाही? यावर आपले पंडितही तेच म्हणतात. परीक्षा होती, काळ तसा होता, नंतर कुणी घुसडलं. उत्तरं ओळखीची वाटतात ना?

बाबासाहेबांनी मात्र शंका झाकल्या नाहीत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ 1957 साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बौद्ध परंपरेपुढंच चार प्रश्न मांडले : सिद्धार्थानं घर का सोडलं, चार आर्यसत्यं मुळातली आहेत काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा, आणि भिक्खू नेमका कशासाठी. 29 वर्षांच्या तरुणानं तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटलं नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. धम्म स्वीकारणारा माणूस पहिल्याच पानांवर धम्माला जाब विचारतो. ही आपली रीत आहे.

म्हणून कुठल्याही ग्रंथाला एवढंच विचारा की सगळ्यात खालचा माणूस इथं उलट बोलू शकतो काय, आणि तो बोलल्यावर वरच्याचं मन बदलतं काय? जिथं बदलतं तिथं वाद घालत बसायला जागा आहे. जिथं जीभ छाटायचा हुकूम आहे, तो ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जळाला. त्याच तारखेला ख्रिस्ती भाऊ नाताळ करतात.

तेव्हा मत्तयाचा पंधरावा अध्याय दगडासारखा भिरकावू नका. एकाच वाड्यातून निघालेले दोघं, एक विहारात गेला, एक चर्चमध्ये. समोरासमोर बसा, त्यानं गौतमीचं वाचावं, तुम्ही कनानी बाईचं वाचा, आणि दोघींच्या बाजूनं भांडा.

जय भीम.