मास्तर, मेस्त्री आणि माउली

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर एकच शब्द दोन वाटांनी आला. मूळ लॅटिन 'मॅजिस्टर', म्हणजे जो अधिक आहे तो. पोर्तुगिजांच्या तोंडून तो 'मेस्त्रे' होऊन आला आणि सुतारकाम करणारा मेस्त्री झाला. पुढे इंग्रजांबरोबर 'स्कूलमास्टर' म्हणून आला आणि शाळेतला मास्तर झाला. लॅटिनमध्ये याच्या उलट शब्द 'मिनिस्टर', जो उणा आहे तो, म्हणजे सेवक. आज मिनिस्टर कोणाला म्हणतात हे सांगायला नको!

इंग्रजी मास्टरला मालकीचा वास आहे. घराचा, कुत्र्याचा, गुलामाचा धनी तोही मास्टरच. म्हणून स्कूलमास्टर हा आता जुना वाटणारा शब्द ऐकला की धाक आणि छडी आधी आठवते. कोकणात यातला धनीपणा तुटपुंज्या पगारात विरला. मुंबईहून आलेले पत्र वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा तो मास्तर. छडी मात्र राहिली.

शिकवणाऱ्याचा शिकणाऱ्यावर हक्क किती? हा प्रश्न शाळेपुरता नाही. आपल्याकडे डबलबारीला 'अमक्या बुवांचे शिष्य' असा पुकारा मानाने होतो. तोच शिष्य एखादी चाल शिकायला दुसऱ्या बुवांकडे गेला, तर पहिल्यांच्या कपाळाला आठी पडते. 'माझा पोरगा फोडला' म्हणतात. मेस्त्रीच्या हाताखालचा पोरगा रंध्यावर हात बसला की स्वतःचे काम धरतो, आणि त्यात कोणाला चोरी दिसत नाही. भजनातच ती का दिसावी?

संप्रदायाने शिकवणाऱ्याला माउली म्हटले. निवृत्तिनाथ गुरू, ज्ञानोबा शिष्य. तरी माउली हे नाव लोकांनी शिष्याला दिले. कोणी म्हणेल, आईसुद्धा 'माझा' म्हणतेच, तिची पकड धन्याहून घट्ट असते. खरे आहे. म्हणून नुसत्या शब्दावर भागत नाही. वारीत आपण पाया पडलो की समोरचाही वाकतो, मग तो वयाने, ज्ञानाने कितीही मोठा असो. 'अधिक' कोण, हे त्या वाकण्यात ठरतच नाही.

साने गुरुजी पेशाने मास्तरच. कोकणातल्या पालगडचे, अमळनेरच्या शाळेत शिकवणारे. छात्रालयात मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून ते पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. उपोषण हाही दाबच, असे म्हणता येईल. पण छडी त्यांनी स्वतःच्या देहावर चालवली, आणि मंदिर उघडले ते त्यांच्या शिष्यांसाठी नव्हे, ज्यांना त्यांनी कधी एक अक्षरही शिकवले नव्हते त्यांच्यासाठी.

दुसरीकडून चाल शिकून आलेल्या पोराला ती आधी आपल्यासमोर म्हणायला सांगावी आणि बुवांनी टाळ धरावा. असे करणारे बुवा आहेत. त्यांच्याकडची पोरे परत येतात.