आवाज कसा ते राहू दे, कधी येतो ते सांग

प्रिय भाचीबाई,



तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात एसीचा पंखा आणि तुझ्या मैत्रिणीच्या गप्पाच जास्त, ब्रेक जेमतेम. अर्थात आवाज स्वच्छ आला असता तरी तेवढ्यावरून मी काही बोललो नसतो. ब्रेकचा आवाज किर्र आहे की करकर, यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे मिस्त्रीच्या जास्त कामाचं असतं. गॅरेजात जाऊन तू ‘पॅड बदला’ म्हणालीस, तर पॅड बदलून मिळतील. आवाज जाईलच असं नाही.

सकाळपासून सुरुवात कर. गाडी रात्रभर पावसात उभी असली, की पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येते. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर धरतो. पॅडनं तो घासून काढला की आवाज संपतो. त्याच्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस.

पण तुला दुपारीही आवाज येतो म्हणतेस. मग रिकाम्या रस्त्यावर काचा खाली कर, गाणी बंद कर आणि बघ, ब्रेक न दाबता आवाज येतो का? पुष्कळ पॅडना पोलादी पत्र्याची एक छोटी जीभ असते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि बारीक चिरचिर सुरू होते. गंमत अशी, की पुष्कळदा ही चिरचिर गाडी चालताना येते आणि ब्रेक दाबला की थांबते. लोक खूश होतात, ब्रेक लावला की आवाज जातो म्हणजे ब्रेक ठीकच असणार! तिथंच फसतात.

चिरचिर नसून पत्र्यावर काही घासल्यासारखा आवाज सतत येत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकली असेल. दिवेआगरला जाताना ताम्हिणी घाटात रस्त्याचं काम चालू होतं म्हणालीस, तेव्हा हे अगदी शक्य आहे. मोकळ्या जागी थोडी रिव्हर्स घे, कधी कधी तेवढ्यानं खडी पडते.

ताम्हिणीवरून आठवलं. माणगावकडे उतरताना पाय सगळा वेळ ब्रेकवर होता ना? उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात गाडी आवरायची आणि ब्रेक मधून मधून, पण ठामपणे लावायचा. सतत हलका दाबून ठेवला की पॅड तापतात, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ते डिस्कवर थरथरत किंचाळतात. हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यात तांब्याचं अस्तर होतं आणि ते भयंकर ओरडायचं. पुढं ॲसबेस्टॉसच्या अस्तरानं आवाज कमी झाला, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरली. ड्रम उघडून लायनरची धूळ तोंडानं फुंकणारे मिस्त्री मी पाहिलेत. पॅड कुठलेही असोत, तू त्या वेळी लांब उभी राहा. किंचाळीवर उपाय साधा आहे: पॅडला पॉलिश पेपर मारायचा, मागच्या पातळ पट्ट्या जागेवर आहेत का बघायचं आणि ब्रेकचं खास ग्रीस पॅडच्या पाठीला लावायचं. पुढच्या बाजूला तेलाचा थेंबसुद्धा नको. डिस्कवर तेल मारून आवाज घालवणारा भेटला, तर किल्ली परत घे.

लोखंडावर लोखंड घासल्याची घरघर मात्र वेगळी. ती पेडलमध्येही जाणवते. ती असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नकोस, उचलून न्यायला सांग. ‘पॅड दिसतोय की चांगला जाड’ असं कुणी चाकाच्या फटीतून बघून म्हणालं, तर मानू नकोस. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या, की आतला पॅड आधी संपतो आणि बाहेरचा शहाण्यासारखा जाड राहतो. चाक काढल्याशिवाय निदान नाही.

ब्रेक लावताच एकदाच टक्क, आणि रिव्हर्समध्ये पुन्हा एकदा टक्क, असं होत असेल तर पॅड सैल बसलाय किंवा लोअर आर्मचा बुश गेलाय. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असते. आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली अर्रर्र झालं, तर तो बिघाड नाही, एबीएस त्याचं काम करतंय. तेव्हा पाय उचलायचा नाही.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघ. पातळी खाली गेली असेल तर लगेच भरू नकोस. पॅड झिजले की ती हळूहळू उतरतेच. कुठं गळत नाही ना, हे आधी बघून घ्यायला सांग.

हे सगळं चिठ्ठीवर लिही: थंड असताना की तापल्यावर, पेडल दाबून की न दाबता, पुढून की मागून, वेगाबरोबर वाढतो का. मिस्त्रीला ती चिठ्ठी दे आणि आपलं निदान सांगू नकोस. पुढची दोन्ही चाकं काढून घे, मागचे ड्रमही उघडायला लाव. पॅड बदललेच तर दोन्ही बाजूंचे एकदम, आणि जुने चारही डिकीत टाकून ठेव. दिवाळीला साताऱ्याला येशील तेव्हा मला ते बघायचेत. तोवर दिवेआगरचा दुसरा बेत रद्द. मैत्रिणींना सांग, मामानं सांगितलंय.

तुझा,
मामा