केवळ कूर्मदृष्टीने कासव जगत नाही

गेल्या श्रावणातील एका सोमवारी, दुपारची आरती आटोपल्यावर, आमच्या देवळाच्या तळीवर एक लहानसा प्रसंग घडला. महाजनांपैकी एका घरची मंडळी बादलीत एक कासव घेऊन आली होती. चार वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला आणले तेव्हा ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे होते. आता ते तळहातावर मावेनासे झाले होते. त्याचे डोळे सुजून मिटलेले होते, आणि आठवडाभर त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. "भटजी, हे देवाच्या तळीत सोडते. काचेत कोंडल्याचे वाईट वाटते. मोकळे होऊ दे बिचारे," असे गृहिणी म्हणाली. भटजींनी तिला थांबवून आम्हास बोलावणे पाठविले. कासव सोडू नये, असे आम्ही सांगितले. त्यावर तिने सरळ प्रश्न केला, "बंदिवान जिवाला मुक्त करणे हे पुण्य नव्हे काय?"

त्या दिवशी आमच्याने नीट उत्तर देववले नाही. प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि विचारणारीचे डोळे भरून आले होते. तो इतरही घरांत उद्भवण्यासारखा आहे, म्हणून त्याचा विचार येथे सावकाश करावा असे योजिले आहे.

आपल्या संतवाङ्मयात कूर्मदृष्टीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवी आपल्या पिलांना स्तन्य देत नाही, पंखाखाली घेत नाही. ती केवळ प्रेमाने पाहते आणि त्या पाहण्यानेच पिले पोसली जातात, असा तो संकेत आहे. ईश्वराच्या कृपेचे वर्णन म्हणून तो अप्रतिम आहे. परंतु निसर्गातील कासवी अंडी घालून निघून जाते, आणि पिले सूर्याच्या उबेने, पाण्यातील अन्नाने व स्वतःच्या धडपडीने वाढतात. आम्हा संसारी माणसांचा घोटाळा असा की, दृष्टान्तातील कासवी ती आपणच, असे आम्ही समजतो. काचेच्या पेटीजवळ बसून आम्ही कौतुकाने पाहतो, आणि आमच्या पाहण्याने ते पोसले जाईल अशी आमची श्रद्धा असते.

त्या घरचे कासव ज्या जातीचे होते तिला लाल कानाचे कासव म्हणतात. त्याचे मूळ घर अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी नदीचे खोरे. नीट सांभाळल्यास ते वीस-तीस वर्षे जगते आणि वीतभर किंवा त्याहूनही मोठे होते. विकत घेणाऱ्यास हे बहुधा कोणी सांगत नाही. घरात कासव असल्यास लक्ष्मी नांदते, एवढे मात्र आवर्जून सांगितले जाते.

सरपटणाऱ्या प्राण्याच्या देहात स्वतःची ऊब निर्माण करण्याची शक्ती फारशी नसते. आपण जेवतो त्या अन्नातून आपले अंग उष्ण राहते. कासवाला मात्र ती उष्णता बाहेरून घ्यावी लागते. अंग तापल्यावाचून त्याचे अन्न पचत नाही, रोगाशी झुंजण्याचे बळ येत नाही. म्हणून त्याला पाण्याबाहेर येऊन अंग कोरडे करण्यास जागा हवी आणि त्या जागी सुमारे 30 ते 32 अंश उष्णता हवी. सूर्यकिरणांतील जो अदृश्य अंश त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतो, त्यावाचून अन्नातील चुना हाडांत व पाठीत मुरत नाही. खिडकीच्या तावदानातून आलेल्या उन्हाने हे काम होत नाही, कारण काच नेमका तोच अंश अडविते. खोली उजळलेली दिसते, आपणांस समाधान वाटते, आणि आत कासवाची पाठ महिनोन्‌महिने मऊ व वेडीवाकडी होत राहते. त्यासाठी खास दिवा मिळतो, आणि तोही ठरावीक काळाने बदलावा लागतो. प्रकाश दिसत असला तरी त्यातील तो अंश क्षीण होत जातो.

मिटलेल्या डोळ्यांचे कारण बहुधा आहारात असते. अ जीवनसत्त्व कमी पडले की पापण्या सुजतात. दिसत नाही म्हणून कासव खात नाही, आणि खात नाही म्हणून अधिकच खंगते. त्या घरी त्याला सुके सुंगट आणि पावाचे तुकडे मिळत. श्रावण लागल्यावर घरात सामिष नको म्हणून महिनाभर केवळ भात मिळाला. त्या माउलीच्या मनात यत्किंचितही क्रौर्य नव्हते. परंतु व्रत माणसाने स्वीकारायचे असते. ज्याला संकल्प करता येत नाही त्याच्यावर ते लादणे म्हणजे उपासमार होय. लहानपणी हे कासव मुख्यतः किडे-मासे खाते आणि मोठेपणी पाणवनस्पतीही खाऊ लागते. ज्या घरास मांस स्वयंपाकघरात आणणे वर्ज्य आहे, त्याने हा विचार प्राणी आणण्यापूर्वीच करावयास हवा. धर्म आपला आणि भूक त्याची, असा पेच मागाहून सुटत नाही.

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पोहताना एका बाजूस कलणे ही फुप्फुसांच्या रोगाची चिन्हे. पाठीवर मऊ, दुर्गंधी डाग पडणे हे बहुधा घाण पाण्याचे फळ. तथापि ही चिन्हे दिसतात तेव्हा रोग जुना झालेला असतो. गाय हंबरते, कुत्रा कण्हतो, मांजर अंगाशी येते. कासव यांपैकी काहीच करीत नाही. दुबळेपणा दाखविला तर शत्रू झडप घालतो, हा त्याच्या रक्तातील अनुभव असल्याने ते शेवटपर्यंत दुखणे लपविते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे, आणि आम्ही त्याच्या निश्चलतेला शांती समजतो. काचेच्या पेटीतील निश्चलता ही पुष्कळदा शांती नसून थंडी, भूक किंवा ज्वर असतो.

येथे कोणी म्हणेल, "आमच्या आजोबांनी विहिरीत कासव सोडले होते, ते जन्मभर जगले आणि कोणी त्यास दिवा लावला नाही." हा आक्षेप योग्य आहे. परंतु ते कासव याच मातीचे होते. पाऊस, ऊन व जलचर ही त्याची पिढीजात शिदोरी होती. त्याचे पोषण विहीर करीत होती, आजोबा नव्हे. काचेच्या पेटीत आणल्याबरोबर त्याचा सूर्य, त्याचा ऋतू, त्याचे पाणी आणि त्याचे भक्ष्य, सारे आपणांस व्हावे लागते. शिवाय आता कायदाही निराळा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतील मऊ पाठीचे कासव घरी बाळगणे हा गुन्हा आहे. तारा कासवाचा चोरटा व्यापार इतका बोकाळला की 2019 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी कासव तळीत सोडल्याने कोण मुक्त होते? आंधळे, उपाशी कासव तळीत सोडले तर ते भक्ष्य शोधू शकत नाही. ते जगले, तर येथील कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते आणि आपले रोग त्यांना देते. याच कारणास्तव जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याची गणना झाली आहे, आणि युरोपीय संघाने 1997 साली त्याची आयात बंद केली. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही 2018 साली हे कासव सापडले. ते तेथे कोणाच्या तरी हातूनच आले असणार, आणि तो हात कदाचित भक्तिभावानेच पुढे झाला असेल.

त्याच आसामात दुसरेही उदाहरण आहे. काळ्या मऊ पाठीचे एक कासव 2002 साली निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. पुढे काही ठिकाणी ते नैसर्गिक पाण्यातही आढळले. परंतु मधल्या काळात त्याचा वंश राखला तो हाजो येथील हयग्रीव माधव मंदिरासारख्या देवस्थानांच्या तळ्यांनी. देवाच्या पाण्यात वाढलेल्या त्या वंशाची पिले पुढे अभयारण्यात सोडण्यात आली. देवळाची तळी जिवांचे केवढे आश्रयस्थान होऊ शकते, हे यावरून दिसते. म्हणूनच तीत काय सोडावे आणि काय सोडू नये, याचा विवेक महाजनांनी केला पाहिजे.

त्या माउलीस आमचे उत्तर आता असे आहे. बाई, आपल्या दयेविषयी आम्हास शंका नाही. परंतु त्या दिवशी कासवापेक्षा आपले मन अधिक मोकळे होऊ पाहत होते. आपल्या हौसेने जो जीव परावलंबी झाला, त्याचे ऋण त्याच्या आयुष्याइतके लांब असते. ते फेडण्याचा मार्ग पाण्याकडे जात नाही, घराकडे परत जातो.

आनंदाची गोष्ट अशी की ते कासव परत घरी गेले. या प्राण्यांची माहिती असलेल्या एका पशुवैद्याने त्यास औषध दिले. असे औषध स्वतःच्या मताने कोणी देऊ नये. अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर झाले तरी अपायच होतो. तीन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडले. पाठीचा बाक मात्र जन्मभर राहणार आहे. तो मुलगा आता पाणी बदलतो, दिवा लावतो, आणि नंतर साबणाने हात धुतो. कारण कासवाच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात आणि ते लहान मुलांस विशेष बाधतात. याच भयाने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद आहे.

ज्यांच्या घरी असे कासव आहे त्यांनी ते शेवटपर्यंत नीट सांभाळावे. ज्यांच्या घरी देशी कासव आहे त्यांनी ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी विकत आणू नये. कूर्माचे दर्शन हवे असल्यास देवळात ते दगडात कोरलेले आहे. त्याला ना भूक, ना ज्वर. तळीतील जिवंत कासवे ऊन खाण्यास पायरीवर येतात तेव्हा त्यांना दुरून पाहावे. तेथे मात्र नुसते पाहणे पुरेसे आहे.