दुसऱ्याची माहिती : मालमत्ता की ठेव?



गेल्या वर्षी आमच्या इंदूरच्या केंद्रात तीन दिवसांचे शिबिर झाले. नोंदणीची सेवा माझ्याकडे होती. नाव, वय, व्यवसाय, मोबाइल क्रमांक अशी साधारण ३०० जणांची यादी मी एक्सेलमध्ये तयार केली. शिबिर संपल्यावर ओळखीच्या एका दादांनी ती मागितली. त्यांनी नुकतेच विम्याचे काम सुरू केले होते. "आपलीच तर माणसं आहेत," असे ते म्हणाले आणि मी फाइल पाठवून दिली. पंधरा दिवसांनी शिबिरातल्या एका आजींचा फोन आला. रोज दुपारी डोळा लागतो न लागतो तोच विम्याचे फोन येत होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाळा, नंबर मी तुला दिला होता ना?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. तुम्हीही माझ्यासोबत थोडा विचार करा.

मी काय केले? चोरी म्हणावी, तर आजींचे काहीच गेले नाही. त्यांचा नंबर त्यांच्याकडेच आहे. भांडे चोरीला गेले तर ते फळीवरून नाहीसे होते. माहिती मात्र घेतल्याने कमी होत नाही, शंभर जणांना दिली तरी मूळ जागी तशीच राहते. अर्थशास्त्रात हा तिचा मोठा गुण मानतात आणि आजचा निम्मा व्यापार त्यावरच उभा आहे. पण अस्तेयाचा विचार करताना हाच गुण फसवतो, कारण रिकामी झालेली जागा दिसत नाही. आजींच्या हातून गेली ती वेगळीच गोष्ट : आपली ओळख कोणाच्या दारी जावी, हे ठरवण्याचा त्यांचा हक्क.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना 'लेखा मानक २६' शिकावे लागते. त्यात एक गमतीचा नियम आहे. व्यापाऱ्याने स्वतः तयार केलेली ग्राहकांची यादी त्याला ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्याकडून पैसे मोजून घेतलेली यादी मात्र दाखवता येऊ शकते. कारण हिशेबाचे आहे : विकत घेतलेल्या वस्तूची किंमत ठरलेली असते, घरी घडवलेलीची खात्रीने मोजता येत नाही. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. आजींच्या फोननंतर ते पुन्हा वाचले, तेव्हा वाटले की माझ्या फाइलचेही असेच झाले होते. माझ्याकडे होती तोवर ती नुसती नोंद होती. हात बदलला आणि तिचा माल झाला.

माहिती गोळा करणे मुळातच वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात प्रथमच १००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशीही त्यात आल्या. त्यांच्याकडे घराचे कागद नाहीत, तारण ठेवायला सोने नाही. पण क्यूआर कोडवर रोज पैसे जमा होतात, आणि त्या नोंदी पाहून कोणी कर्ज देऊ शकते. पूर्वी अशा माणसाला सावकाराशिवाय दार नव्हते. 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' नावाची व्यवस्था २०२१ पासून याच कामासाठी चालते. कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती दिवस द्यायची हे खातेदार ठरवतो. मधला दूत लखोटा पोहोचवतो, त्याला तो उघडता येत नाही.

याच कर्जाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. काही कर्ज-अ‍ॅप फोनमधले सगळे संपर्क उचलत आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून त्या माणसाची अब्रू काढत. शेवटी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपना संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदींना हात लावायला मनाई केली. भाजीवाल्या मावशींना दार उघडून देणारी माहिती आणि ही माहिती जातीने एकच. फरक पडला तो ती किती घेतली आणि कशासाठी वापरली, यात.

(जुना वाणी फार थोर होता, अशीही माझी समजूत नाही. कोणाची उधारी किती थकली, हे त्याच्या वहीतून गावभर व्हायला वेळ लागत नसे. पण ती वही एकच होती आणि संध्याकाळी गल्ल्यात जात असे.)

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणाऱ्याला इंग्रजीत 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे. आपल्या संकेतस्थळासाठी भाषांतर करता करता शब्दांपाशी अडखळायची सवय लागली आहे, तशी इथेही अडखळले. 'मालक' चालेना, 'संग्राहक' कोरडा वाटला. मग 'विश्वस्त' सुचला आणि मान खाली गेली. गांधीजी धनिकांना सांगत, की संपत्तीचे विश्वस्त व्हा. मी ते श्रीमंतांपुरते समजत होते. माझ्याजवळ धन नाही, पण ३०० माणसांचा विश्वास एका फाइलमध्ये होता. कायद्याच्या भाषेत सांगायचे, तर संमती ज्या कामासाठी घेतली त्याला लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि काम संपले की ती पुसावी. हा तर अपरिग्रह झाला. आपण तो कपड्यांना आणि भांड्यांना लावतो, फोनमधल्या याद्यांना लावायचे सुचत नाही. तुमच्या फोनमध्ये अशा किती याद्या पडून आहेत? सोसायटीची, भिशीची, कुठल्याशा सहलीची?

त्या दादांना मी यादी पुसायला सांगितली. त्यांनी लगेच पुसली, पण तोवर ती त्यांच्या कार्यालयात दोघांकडे गेली होती. त्यांच्याकडून पुढे कुठे गेली, कोण जाणे.

यंदाच्या नोंदणीपत्रातून वय आणि व्यवसाय काढून टाकले. मोबाइलचा रकाना ठेवला. बसची वेळ बदलली तर कळवण्यासाठीच क्रमांक घेत आहोत, शिबिर संपल्यावर यादी पुसली जाईल, असे त्याखाली लिहिले. आजी आल्या, चष्मा लावून सगळे वाचले, नाव लिहिले. मोबाइलचा रकाना कोरा ठेवून त्यांनी पेन मला परत दिले. "बसचं मी शेजारणीला विचारीन," म्हणाल्या. मी बरे म्हटले आणि कागद पुढच्यांना दिला.