समुद्रोल्लंघन, दैव आणि प्रवासाचा विमा

पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी परदेशी जायचे असे ठरवून जो माणूस आजपासून पैसे बाजूला टाकतो, रजेचा हिशेब मांडतो आणि प्रवासात आजारपण आले तर त्यासाठी विमा काढतो, तो नकळत एका जुन्या धार्मिक प्रश्नाला हात घालत असतो. जे अजून घडलेले नाही आणि ज्यावर आपली सत्ता चालत नाही, त्याची तरतूद करून ठेवणे श्रद्धेला धरून आहे काय, असा तो प्रश्न आहे. नाशिकच्या मातीत त्याला विशेष अर्थ आहे. मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जेथे मिळतात त्या द्वारका चौकातून मुंबईचा विमानतळ गाठायला निघालेली कुटुंबे रोज जात असतात. आणि समुद्र ओलांडून परतलेल्या माणसाला शुद्धीसाठी जिच्यात स्नान घालण्यात येई, ती गोदावरीही या चौकापासून फार लांब नाही.

मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठ दांपत्यांच्या घरी हा प्रश्न बहुधा कुजबुजीच्या रूपाने येतो. तिकिटे काढून होतात, औषधांच्या पट्ट्या मोजून होतात, आणि मग विम्याचा अर्ज समोर येतो, ज्यात हृदयविकार, अपघात, इस्पितळ आणि मृत्यू यांचा उल्लेख ओळीने केलेला असतो. हातावर दही-साखर ठेवून ज्यांना निरोप द्यायचा, त्यांच्यापुढे असे अभद्र बोलू नये, असे घरातील कोणाला तरी वाटते. आणि ज्याने आजवर सांभाळले तो तेथेही सांभाळील, असे दुसरे कोणी म्हणते. या दोन्ही बोलण्यांमागे खरी भावना आहे, म्हणून ती हसण्यावारी न नेता परंपरा त्याविषयी काय सांगते हे नीट पाहणे योग्य होय.

धर्मशास्त्राने समुद्रप्रवासाचा विचार दोन वेगळ्या अंगांनी केला आहे, आणि त्यांपैकी एकच अंग लोकांच्या लक्षात राहिले आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले गेले. पुढे निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत, म्हणजे पूर्वीच्या युगांत चालत असले तरी कलियुगात टाळावयाच्या आचारांच्या यादीत, घातले. हा निषेध इतका कडक होता की नावेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असे कलिवर्ज्यांचे वचन सांगते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व वचनांची साक्षेपाने छाननी केली आहे.

दुसरे अंग व्यवहाराचे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तारण ठेवून घेतलेल्या साध्या कर्जाला दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, एवढे व्याज सांगितले आहे. पण रानावनातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० असा दर लावला आहे. मुद्दलच बुडण्याची धास्ती असल्यामुळे सावकाराने ती जोखीम अंगावर घेण्याचा मोबदला घ्यावा, हा त्यामागचा विचार उघड आहे. ज्या परंपरेत समुद्रयान निषिद्ध ठरले, त्याच परंपरेतील स्मृतिकाराने समुद्रावरच्या संकटाची किंमत आकड्यांत बांधून दिली होती, आणि ती बांधताना ईश्वरावरील विश्वासाला उणेपणा येतो असे त्याला वाटले नाही. धर्माने धोक्याचा हिशेब कधी केलाच नाही, हा समज या एका तरतुदीपुढे टिकत नाही.

निषेध आणि आचार यांच्यातील अंतर नाशिकच्याच एका प्रसंगातून दिसते. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले होते. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतल्यावर त्यांच्या वडीलबंधूंनी त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणले, गोदावरीत स्नान घातले आणि मग राजकोटला जातीभोजन दिले. हे सारे गांधींनी आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. या विधीवर त्यांची स्वतःची निष्ठा नव्हती, तो भावाच्या इच्छेखातर झाला, हेही त्यांच्या कथनावरून कळते. ग्रंथात जे प्रायश्चित्तानेही भरून येणारे नव्हते, ते नदीच्या एका स्नानाने आणि एका जेवणावळीने जातीच्या काही लोकांपुरते तरी भरून आले. समाजाला प्रवाशाला परत घेण्याची वाट हवी होती, आणि गोदावरीने ती दिली, असे म्हणावे लागते. आजच्या प्रवाशाला अशुद्धीची भीती उरलेली नाही. त्याची भीती परक्या देशातील इस्पितळाच्या बिलाची आहे, आणि ती अधिक वास्तव आहे.

मुख्य प्रश्न दैव आणि पुरुषकार यांचा आहे. दैव म्हणजे पूर्वकर्मातून आलेला, आपल्या हाती नसलेला भाग, आणि पुरुषकार म्हणजे माणसाने स्वतः केलेला प्रयत्न. याज्ञवल्क्य सांगतो की एका चाकाने रथ चालत नाही, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना प्रकारच्या क्रिया यांच्यानंतर दैवाला पाचवे स्थान दिले आहे. तेथे दैव वगळलेले नाही, पण बाकीच्या चारांना त्याने सुट्टीही दिलेली नाही. विमा काढणे हे या चौघांच्या प्रांतातले काम आहे, आणि ते केल्यानंतरही पाचवे कारण होते तेथेच, होते तेवढेच राहते.

शरणागतीचा पक्ष मात्र याहून खोल आहे. रामानुजांच्या संप्रदायात पुढे दोन मते झाली: माकडीच्या पिल्लाने आईला स्वतः घट्ट धरावे लागते, तसा भक्ताचाही काही प्रयत्न लागतो, हे एक, आणि मांजरी पिल्लाला स्वतःच तोंडात धरून नेते, तसा सारा भार ईश्वर वाहतो, हे दुसरे. दुसऱ्या मताचा माणूस म्हणेल की विमा ही अविश्वासाची खूण आहे. पण हे मत मोक्षाच्या उपायाविषयी आहे, प्रवासखर्चाविषयी नाही. शिवाय विम्याने जो भार हलका होतो तो बहुतेक वेळा प्रवाशाचा नसतोच. अतिदक्षता विभागातील बिल भरायला मुलाला कर्ज काढावे लागते, किंवा गावाकडे राहिलेल्या भावाला जमीन गहाण टाकावी लागते. आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने फेडावी, असे शरणागतीच्या कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही.

येथे एक मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले, ज्यात भगवंत अनन्य भक्ताचा योगक्षेम, म्हणजे न मिळालेले मिळवून देणे आणि मिळालेले राखणे, स्वतः वाहण्याचे वचन देतात. या बोधवाक्याचा हेतू उदात्त असला तरी विमा माणसाला राखत नाही, हे विसरता येत नाही. तो हानी झाल्यावर पैशांत भरपाई करतो, आणि तीही अटींनुसार. ज्याची पॉलिसी खिशात आहे त्याचा झटका टळत नाही. त्यामुळे विमा देवाची जागा घेतो, ही भीतीही निराधार ठरते.

हाच पेच इस्लाममध्ये वेगळ्या रूपाने उभा राहिला, आणि जुन्या नाशिकच्या मुस्लिम कुटुंबांनाही हजला किंवा परदेशी जाताना तो अपरिचित नाही. तेथे आक्षेप दैवाचा नसून कराराचा आहे: ज्याचे फळ अनिश्चित असा सौदा, जुगाराची छटा आणि व्याज या तिन्ही गोष्टी व्यापारी विम्यात येतात, म्हणून जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये तो अमान्य करून परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा मान्य केला. अल्लाहवर भरवसा ठेवण्यापूर्वी उंट बांधून ठेव, अशी प्रेषितांची शिकवण सांगितली जाते, त्यामुळे तरतुदीलाच विरोध असा नव्हता. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या आषाढी वारीसाठी वारकऱ्यांना विमाछत्र दिले, आणि वारीत मृत्यू आल्यास वारसांना ५ लाख रुपयांची तरतूद केली, तेव्हा पंढरीच्या वाटेवर त्यामुळे कोणाची भक्ती उणी झाल्याचे वारकऱ्यांनी मानले नाही.

खरी धार्मिक कसोटी अर्ज भरताना लागते. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो, म्हणजे विमा घेणाऱ्याने स्वतःविषयीची महत्त्वाची माहिती विचारल्याबरोबर पूर्ण सांगायची असते, कारण ती एकट्या त्यालाच ठाऊक असते. अर्जात आधीपासूनच्या आजारांचा रकाना असतो. रक्तदाबाची गोळी रोज घेणारा माणूस तेथे ‘नाही’ लिहितो. हप्ता वाढेल किंवा पॉलिसी नाकारली जाईल, ही त्याची भीती असते, आणि कधी अर्ज भरून देणाराच त्याला तसा सल्ला देतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आरोग्यविम्याच्या एका खटल्यात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवलेल्या विमेदाराच्या वारसांचा दावा फेटाळताना अशी माहिती देणे हे कर्तव्य असल्याचे सांगितले. कायद्याचा निकाल झाला; धर्माच्या बाजूने पाहिले तर असत्य येथे कंपनीपुरते थांबत नाही, कारण दाव्याचा पैसा ज्या निधीतून जातो तो अनोळखी हजारोंच्या हप्त्यांचा असतो.

नाशिकच्या रामकुंडावर कोणताही विधी करताना आधी संकल्प सोडावा लागतो. पळीभर पाणी हातात घेऊन यजमान संवत्सर, अयन, मास, पक्ष आणि तिथी, मग गोदावरीचा तीर, मग आपले नाव आणि गोत्र, आणि शेवटी कशासाठी हे कर्म करतो ते उच्चारतो. यांपैकी काही खोटे सांगितले तर पुढचे कर्म फोल ठरते, अशी धारणा आहे. विम्याचा अर्जही नाव, जन्मतारीख, प्रवासाचा काळ, देश आणि हेतू विचारतो. जो माणूस संकल्पात तिथी चुकू देत नाही, त्याने औषधांची यादी चुकवू नये, एवढी अपेक्षा परंपरेच्या आतूनच करता येते.

उरतो मृत्यूचा रकाना, ज्यापुढे बहुतेक घरे गप्प होतात. शेंगेन करारातील युरोपीय देश व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा मागतात आणि त्यात मृत्यू झाल्यास देह मायदेशी परत नेण्याचा खर्चही धरतात. अनेक पॉलिसींत पार्थिव परत आणणे किंवा तेथेच अंत्यसंस्कार करणे, असे दोन्ही पर्याय ठरावीक मर्यादेपर्यंत असतात, आणि निवड कुटुंबाला काही तासांत करावी लागते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, वैद्यकीय पदवी घेऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मात्र अमेरिकेतील त्यांच्या यजमानीण थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सीच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. अस्थींनी समुद्र ओलांडला, तोही उलट्या दिशेने, आणि त्याने त्या बाईंच्या धर्मनिष्ठेला बाध आला असे आज कोणी म्हणणार नाही.

शास्त्रानेही या प्रसंगाची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. परदेशी मेलेल्याचा देह हाती आला नाही तर पळसाच्या ३६० देठांची पुरुषाकृती करून तिच्यावर संस्कार करावा, असे विधान आहे, आणि अस्थी मिळाल्या तर त्या मागाहून रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात सोडता येतात. त्यामुळे दूरदेशी दहन करण्याचा पर्याय प्रवाशाने स्वतः आधी सांगून ठेवला आणि घरच्यांनी तो पाळला, तर पार्थिव आणले नाही म्हणून त्या घराकडून अंत्येष्टीचे कोणतेही कर्तव्य चुकले असे होत नाही.