हिरड्याच्या सालीवर हात

रतनवाडीला या, अमृतेश्वराच्या देवळामागच्या वाटेने. श्रावणातली सर नुकतीच ओसरलीय. रतनगडाचा माथा ढगात आहे. घाई करू नका. एखाद्या हिरड्यापाशी थांबा आणि तळवा त्याच्या सालीवर टेकवा.

साल गार लागेल, खरखरीत लागेल. भेगांतून पाणी उतरतंय. हात तसाच असू द्या. श्वास जसा संथ होईल तसा होऊ द्या.

आता जवळून पाहा. सालीवर करड्या चकत्या दिसतील. हे दगडफूल, गोडा मसाला भाजताना ज्याचा वास घरभर पसरतो त्याच्याच गोतातलं. त्याला मुळं नाहीत. हवा आणि पाऊस जे आणून देतील ते त्याने घ्यायचं; नको ते नाकारायची सोय त्याच्याकडे नाही. १८६६ मध्ये दगडफुलांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी नोंदवलं, की पॅरिसच्या इतर भागांत न दिसणारी दगडफुलं लक्झेंबर्ग बागेत मात्र आहेत. तिथली हवा कशी आहे, हे त्यांना झाडांच्या अंगावर वाचता आलं. पुढे त्या बागेतूनही ती नाहीशी झाली.

हात सालीवरच ठेवा आणि मनाने दूर, बर्फात जा. तिथे स्प्रूसची झाडं उभी आहेत. त्यांच्या सुयांसारख्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो, आणि ती पानं अनेक वर्षं गळत नाहीत. हवेतून आलेलं पुष्कळ काही त्या मेणात अडकून राहतं. म्हणून अभ्यासक अशी पानं आणि साल तपासतात. झाड जागचं हलत नाही. त्यामुळे त्याच्यात जे सापडतं ते त्या जागेबद्दल बोलतं.

त्याच बर्फाच्या उतारावरून माणसं स्कीवर घसरत येतात. स्कीला वेग यावा म्हणून तळाला मेण घासतात. त्या मेणात बरीच वर्षं फ्लोरिनची रसायनं असत. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी पक्की, की ऊन, पाऊस, जिवाणू यांना ती सहजी सुटत नाही. प्रत्येक घसरणीत मेण थोडं झिजतं, बर्फावर राहतं. वसंतात बर्फ वितळतं, रसायन मातीत उतरतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळच्या स्कीच्या मैदानात ते माती, गांडुळं आणि रानउंदरांत सापडलं. तो अभ्यास २०१९ चा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या मेणावर २०२३-२४ च्या हंगामापासून पूर्ण बंदी आली. तरी स्पर्धा थांबल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता परत या. अंगातल्या रेनकोटकडे पाहा. थेंब त्यावर मोत्यासारखे घरंगळतात. मीही वर्षानुवर्षं असाच कोट घालून हा डोंगर चढलो. थेंब घरंगळताना पाहून खूश व्हायचो. पाणी न धरणाऱ्या कितीतरी कपड्यांवर स्कीच्या मेणातल्या रसायनांच्याच जातीचा लेप असायचा. थेंब घरंगळून कुठे जातो, हे मी कधी पाहिलं नाही.

आज पाहू या. एक थेंब निवडा. तो बाहीवरून गवतात पडला. गवतातून ओहळात, ओहळातून प्रवरेत. नदी इथलीच, रतनगडाच्या कुशीतली. पुढे भंडारदऱ्याचा जलाशय, १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणामागे साठलेला. मग रंधा धबधबा, मग खालच्या गावांची शेतं. पण सगळे थेंब इतके लांब जात नाहीत. काही इथेच मुरतात, या हिरड्याच्या मुळाशी. याचं कोवळं फळ, म्हणजे बाळहिरडा, इथली महादेव कोळी आणि ठाकर माणसं वेचतात, वाळवतात, विकतात. तो कुणाच्या तरी औषधात जातो.

एवढ्यावर थोडं थांबा. स्वतःला दोष देऊ नका, मन दुसरीकडेही वळवू नका. तळव्याखाली साल आहे, एवढं जाणवू द्या.

पुन्हा सर येतेय. टोपी लगेच ओढू नका. चकतीकडे पाहा. मघाशी करडी होती. पाणी पिऊन ती हळूहळू हिरवी होतेय.