सॉरी कोणी म्हणायचं?

गर्दीच्या बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला की आपण झटकन ‘सॉरी’ म्हणून मोकळे होतो. इंग्रज माणूस हाच शब्द कोणी गेल्याचं कळल्यावरही म्हणतो. तिथे त्याचा दोष काही नसतो, त्याला फक्त वाईट वाटलेलं असतं. पण तोच शब्द सरकारच्या तोंडून आला की लोकांना त्यात कबुलीच ऐकू येते. मग जे आपण स्वतः केलं नाही, त्याची माफी मागता येते का? या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं वाद चालला. साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या आदिवासींची मुलं सरकारी धोरणानुसार आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. १९९७च्या चौकशी अहवालाने माफीची शिफारस केली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९मध्ये संसदेत खेदाचा ठराव आणला, पण ‘सॉरी’ काही म्हटलं नाही. पूर्वीच्यांच्या कृत्यांचा दोष आजच्या पिढीने का घ्यावा, असा त्यांचा सवाल होता.

सवाल पोकळ नाही. बापाचं पाप मुलाच्या माथी मारणं अन्यायाचंच. पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. मंत्रिमंडळ बदललं म्हणून जुने कर्जरोखे रद्द होत नाहीत, मग जुने हुकूम तरी परके कसे होतील? पाप वारशाने येत नसेल, देणं येतं. नुसत्या शब्दाने काय होणार, असंही विचारलं जातं. शब्द इतका फुकटचा असता, तर तो इतकी वर्षं अडून राहिला नसता. माफीपाठोपाठ भरपाईचे दावे येतील ही धास्ती होतीच. (कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तर २००९मध्ये कायदाच केला, की माफी ही दोषाची कबुली धरायची नाही. खटल्याच्या धास्तीने गप्प राहणाऱ्या डॉक्टरांची जीभ त्याने सैल होत असेल, पण असली माफी मला बिनसहीच्या चेकसारखी वाटते.)

ऑस्ट्रेलियात शेवटी पुढचे पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी तो शब्द संसदेत उच्चारला, तोही भरपाईविनाच. केंद्राच्या ताब्यातल्या प्रदेशांतून नेलेल्यांसाठी माणशी ७५,००० डॉलरची योजना २०२१मध्ये जाहीर झाली. ही दिरंगाई लाजिरवाणीच. तरीही आधी माफी झालेली असल्यामुळे ते पैसे सरकारला मेहेरबानी म्हणून वाटता आले नाहीत.